टॉवरखालचा कट्टा

मी फौंड्रीत लागले ती वाळू तपासायला. साच्याच्या वाळूत ओल किती, माती किती, दाबल्यावर ती किती तग धरते, हे दिवसभर मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं. बी.एस्सी. केमिस्ट्री करून पोरगी वाळू मोजत बसते म्हणून मलकापुरात आमच्या घरी माझी भरपूर चेष्टा झाली. कारखान्याचं पाणी बघायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते सहा महिन्यांनी. आधी ते बघणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आणि एका सकाळी मालक लॅबच्या दारात उभे राहून म्हणाले, "पाणी म्हणजे शेवटी केमिस्ट्रीच की. आता तुम्हीच बघा." मी मान डोलावली. नाही म्हणायचं सुचलंच नाही, कारण नेमकं कशाला नाही म्हणायचं तेच कळलं नव्हतं.

ते कळायला वेळ लागला आणि खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला अजूनही कळलेलं नाही. माझा स्वभाव तापट आहे, गोष्टीचा छडा लागला नाही की माझी चिडचिड होते. ही एक गोष्ट अशी आहे की चिडायचं कुणावर हेसुद्धा ठरत नाही.

आमची भट्टी विजेवर चालते. भट्टीच्या अंगाभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं आणि त्या नळीतून सतत पाणी फिरवावं लागतं. ते थांबलं तर नळी जळून फुटते, आणि पातळ लोखंडाखाली पाणी गेलं की स्फोट होतो. कारखान्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात आणि कुणी विसरत नाही. भट्टीवरचा माणूस तुमच्याशी बोलताना अर्धी नजर पाण्याच्या काट्यावर ठेवून असतो. लाईट गेली की आधी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला पळायचं, बाकी सगळं मग. म्हणजे पाण्याची भीती आम्हाला होतीच. पण ती पाणी थांबण्याची भीती होती. फिरत असलेलं पाणी कुणाला काही करेल असं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं.

भट्टीची उष्णता घेऊन तापलेलं पाणी गार करायला शेडच्या मागे कूलिंग टॉवर आहे. दोन मजली उंच, मळकट हिरव्या फायबरचा. गरम पाणी वरून जाळ्यांवर पसरतं, गळत गळत खाली येतं, माथ्यावरचा पंखा त्यातून वारा ओढतो आणि गार झालेलं पाणी तळाच्या हौदात जमतं. तिथून पंप ते पुन्हा आत पाठवतो. पंख्याच्या खाली वाकड्या पट्ट्यांचा एक थर असतो. पाण्याचे बारीक थेंब वाऱ्याबरोबर बाहेर उडू नयेत म्हणून तो बसवतात. आमच्या टॉवरच्या या पट्ट्या एका बाजूनं मोडल्या होत्या. त्यामुळे त्या बाजूला दिवसभर धुक्यासारखा बारीक फवारा खाली यायचा, आणि बरोब्बर त्याच बाजूला कुणीतरी फार पूर्वी विटांचा कट्टा बांधून ठेवला होता.

एप्रिलमध्ये भट्टीच्या शेडमध्ये काय होतं हे शब्दांत सांगता येत नाही. माणसं दुपारी डबा घेऊन बाहेर यायची ती थेट त्या कट्ट्यावर. डोक्यावर फवारा, अंगावर गार वारा, पुढ्यात भाकरी, कांदा, खर्डा. आमचे मिस्त्री त्याला फुकटातला एसी म्हणायचे. मोडक्या पट्ट्या बदलायच्या म्हणून मी दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा मिस्त्रीच म्हणाले, "उन्हाळा संपू द्या की म्याडम." आणि मी तो कागद परत फाईलला लावला.

या मिस्त्रींना सगळे मामा म्हणायचे, मीही. वय अठ्ठावन्नच्या पुढे. आधी एका साखर कारखान्यात पाण्याच्या पंपांवर होते, मग आमच्याकडे आले. गाव वारणेकडचं. पंपावर हात ठेवून त्याच्या बेअरिंगची काय तक्रार आहे ते सांगायचे आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. बोलणं मोठ्यानं आणि सरळ. मी आल्यावर पहिले काही महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. तेच काय, सगळेच. मी लॅबमध्ये एकटी बसून डबा खायचे. दार उघडून कुणी आलं की रिपोर्ट मागायला.

पाणी माझ्याकडे आल्यावर औषधही माझ्याकडे आलं. टॉवरच्या पाण्यात बुळबुळीत शेवाळ धरतं, जंतू वाढतात, ते मारायला आठवड्यातून एकदा एक केमिकल घालायचं असतं. आमच्याकडे त्याला औषधच म्हणतात. ठरलेला वार बुधवार. मी मापानं घालायचे, रजिस्टरात लिहायचे, सही करायचे. औषध पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस एकदा येऊन मला एक इंग्रजी पत्रक देऊन गेला होता. त्यात लिहिलं होतं की टॉवरचं पाणी नीट राखलं नाही तर त्यात एक जंतू वाढतो, तो फवाऱ्यातून श्वासावाटे फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. मी ते पूर्ण वाचलं. वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. आपण तर औषध घालतोच, मग झालं, असं मनाशी म्हटलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एका बुधवारी मामा लॅबच्या दारात आले. हातात टोपी धरलेली. मला वाटलं पंपाचं काहीतरी असेल.

"म्याडम, एक सांगू का? तुमचं ते औषध बुधवारी घालू नगासा. जेवताना डोळं चुरचुरत्यात. कालवणाला बी वास येतोय."

"मग कधी घालू, मामा?"

"ऐतवारी घाला की. भट्टी निवली, पंप बंद झाला की घाला. सोमवारी सुट्टीच हाय. मंगळवारपतोर वास जातोय."

मी लगेच हो म्हटलं. यावर मी नंतर खूप विचार केला आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते. डब्यावर लिहिलेलं होतं की औषध घातल्यावर पाणी काही तास फिरतं ठेवावं. ते मला माहीत होतं. पंप बंद असताना घातलं तर औषध हौदात राहणार, वरच्या जाळ्यांपर्यंत आणि पाइपांपर्यंत पोचणार नाही, हेही मला कळत होतं. मी मनात हिशेब केला की मंगळवारी पंप सुरू झाला की फिरेलच. हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. पण तो मी हिशेब म्हणून केलाच नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा भट्टीच्या शेडमधल्या कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं आणि मला हो म्हणायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी लांबूनच हाक मारली, "म्याडम, डबा घिऊन या हिकडं." कट्ट्यावर त्यांनी मला जागा करून दिली, खालचं ओलं पोत्यानं पुसूनसुद्धा दिलं. मी त्या दिवशी इतकी खूश होते की घरी फोन करून आईला सांगितलं.

तेव्हापासून मी रविवारी संध्याकाळी पंप बंद झाल्यावर औषध घालायचे आणि रजिस्टरात सही करायचे. एक रविवार चुकला नाही. वर्षभर मी कट्ट्यावर जेवले. माझा ठेचा फिक्का असतो असं तिथं एकमतानं ठरलं. जेवण झालं की मामा तिथंच बसून एक विडी ओढायचे.

यंदाच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी मामांना ताप आला. उन्हाचा असेल म्हणून ते रविवारी कामावर आले, अंगाला घाम नव्हता आणि बोलताना धाप लागत होती. मंगळवारी आले नाहीत. बुधवारी कळलं की राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात ॲडमिट केलं आहे, न्यूमोनिया आहे.

गुरुवारी काम सुटल्यावर मी तिकडे गेले. मामी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी त्यांना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, पण त्यांनी लगेच ओळखलं आणि हात धरून आत नेलं. मामांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मला बघून त्यांनी विचारलं, "पंप बरा चाललाय का?" मी हो म्हणाले. तेवढ्यात डॉक्टर फेरीवर आले. तरुणच होते, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी मामींना विचारायला सुरुवात केली. घरी कबुतरं आहेत का, कोंबड्या आहेत का, कुठं बाहेरगावी राहून आलात का. मामी म्हणाल्या, मागच्या आठवड्यात पाव्हण्यांच्या लग्नाला गेलतो, हॉलमधी पाण्याचं फवारं उडवणारं पंखं हुतं. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही यांच्या कामावरच्या का? तिथं काही वेगळं? धूळ, केमिकल, वाफ?"

"फौंड्री आहे," मी म्हणाले. "वाळूची धूळ असते."

हे खरं होतं. त्या क्षणी मला पत्रक आठवलं का? आठवलं. पण त्याच्याच जोडीला रजिस्टरही आठवलं, प्रत्येक रविवारी माझी सही. औषध घातलेलं आहे, मग हे ते नसणार, असं मी त्या अर्ध्या सेकंदात ठरवलं. आजही मला वाटतं की गुरुवारी मी खोटं बोलले नाही. म्हणजे बहुतेक वेळा वाटतं.

शुक्रवारी सकाळी मी टॉवरकडे गेले. का गेले ते सांगता येणार नाही, झोप नीट झाली नव्हती एवढं खरं. हौदाच्या कडेला हात लावला तर बोटाला बुळबुळीत थर आला. वर्षभर औषध घालूनही थर कसा? पंपावर दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर होता, मामांच्या जागी आलेला. त्याला विचारलं, मंगळवारी पंप सुरू करताना पाणी कसं असतं. तो सहज म्हणाला, "चांगलं असतंय की. मंगळवारी मामा आल्याआल्या आधी हौद सोडून देत्यात. लई घाण वास मारतोय म्हणत्यात. ताजं पाणी भरायचं आन मग पंप चालू."

मी त्याला पुन्हा विचारलं. दर मंगळवारी? "व्हय की. वरीसभर तसंच चाललंय. तुमास्नी ठावं न्हाय?"

म्हणजे रविवारी मी बंद पाण्यात औषध घालत होते आणि मंगळवारी मामा ते गटारात सोडून देत होते. पंप सुरू व्हायच्या आधी. वर्षभर औषधाचा एक थेंबही टॉवरमध्ये वर चढला नव्हता. मी माझं काम नीट केलं होतं, मामांनी त्यांचं नीट केलं होतं, रजिस्टर पूर्ण होतं. मला तिथं उभ्या उभ्या हसू आलं. मामांनी हे मला सांगितलं का नाही? कारण त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. वास आला, पाणी बदललं. आणि मी मंगळवारी सकाळी एकदाही पाणी बघायला का आले नाही? मंगळवारी सकाळी वाळूचे पाच नमुने असतात, म्हणून. हे कारण मी स्वतःला दिलं आणि ते मला पुरेना.

त्या दुपारी मी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरांना सांगायचं म्हणूनच गेले होते, असं मला वाटतं. ते दुसऱ्या पेशंटकडे होते. मामी म्हणाल्या, चला चहा घेऊ. आम्ही खाली उतरून रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहा घेतला. क्लासला जाणाऱ्या मुलामुलींच्या गाड्यांची तिथं इतकी गर्दी होती की रस्ता ओलांडताना मामींनी माझा दंड घट्ट धरला होता. त्या सांगत होत्या की मामा घरी गेल्यावर माझं नाव काढतात, शिकलेली आहे पण आपल्यात बसून जेवते म्हणतात. मी चहा पीत होते आणि डोक्यात नुसता गोंधळ होता. वर्षभर त्या कट्ट्यावर आम्ही दहा-बारा जण बसतो, मला काही झालं नाही, बाकीच्यांना काही झालं नाही. दोघांना मागच्या आठवड्यात ताप होता, पण एप्रिलमध्ये ताप कुणाला नसतो. मामा विडी ओढतात. लग्नातले ते पंखे होते. हे सगळं धरून मी डॉक्टरांना काय सांगणार? की माझ्या पाण्यानं असेल बहुतेक? आणि नसलं तर? कारखान्याचं नाव जाणार, चौकशी होणार, पहिली सही माझी. वर गेलो तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. मला बरं वाटलं. लाज वाटते, पण बरं वाटलं.

शनिवारी सकाळी मामांचा श्वास फार वाढला आणि त्यांना तोंडावर घट्ट मास्क बसवून श्वास देणाऱ्या मशीनवर घेतलं. हे मला फोनवर कळलं. शनिवारचा सगळा दिवस मी वाळू तपासली. नमुना घेतला, वजन केलं, लिहिलं, आणि लिहिलेला आकडा चुकीचा म्हणून खोडला. संध्याकाळी ड्रॉवरमधलं पत्रक पर्समध्ये टाकलं, बसनं खोलीवर गेले आणि ते काढून पुन्हा वाचलं. न्यूमोनियाची नेहमीची औषधं या जंतूवर चालतीलच असं नाही, असं त्यात शेवटी एक वाक्य होतं. हे वाक्य मी पूर्वीही वाचलेलं होतं. माझ्याच पेनाची त्याखाली रेघ होती.

रविवारी सकाळी मी दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत जिन्याजवळ उभी राहिले. ते आले तसं पत्रक त्यांच्या हातात दिलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कट्टा, फवारा, रविवारचं औषध, मंगळवारचं पाणी. त्यांनी दोनच प्रश्न विचारले, रोज किती वेळ बसायचे आणि किती जवळ. मग म्हणाले, "हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." ओरडले नाहीत. फाईलमध्ये लिहायला लागले, नर्सला एक नवं इंजेक्शन सुरू करायला सांगितलं आणि लघवीचा नमुना तपासणीला बाहेर पाठवायला सांगितला. बाहेर आल्यावर मामींनी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हणाले, औषध बदललंय, आता फरक पडेल.

त्याच दुपारी मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, "आधी सगळं साफ करून घेऊ. बाकीचं नंतर बघू." सोमवारी सुट्टी असून सहा माणसं बोलावली. सगळ्यांना चांगले मास्क आणि हातमोजे दिले, पंखा बंद करून फ्यूज काढून ठेवला. क्लोरीनचा मोठा डोस घालून पाणी चार तास फिरवलं, मग हौद सोडला, जाळ्या काढून घासल्या, नवीन पट्ट्या बसवल्या. मालक स्वतः उन्हात उभे होते. कट्टा त्यांनी पहारीनं फोडायला लावला. हे सगळं मी सांगितलं तसं झालं आणि चांगलं झालं. संध्याकाळी हौदात ताजं पाणी भरत असताना माझ्या लक्षात आलं की जुन्या पाण्याचा नमुना मी घेतलेलाच नाही. सात-आठ माणसांत मी एकटी केमिस्ट होते. एक बाटली भरून ठेवायची होती, एवढंच. मी स्वतःला इतक्या शिव्या क्वचितच दिल्या असतील.

मामांचा ताप बुधवारपासून उतरायला लागला. मशीन निघालं, मग नळी निघाली. लघवीच्या तपासणीत तो जंतू सापडला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, म्हणजे ते नव्हतं? ते म्हणाले, ही तपासणी त्या जंतूच्या एका जातीपुरतीच चांगली आहे, बाकीच्या सुटतात, शिवाय नमुना उशिरा गेला. मग ते होतं? शक्यता आहे. नव्या औषधानं बरे झाले ना? जुन्याचाही असर सुरू झालेला असू शकतो. त्यांना माझी अडचण कळली असावी, कारण ते जरा हळू आवाजात म्हणाले, "खात्रीनं कुणीच सांगणार नाही तुम्हाला." पाण्याचा नमुना आहे का म्हणून त्यांनी विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

औषध मी आता पुन्हा बुधवारी घालते, पाणी फिरतं असताना, आणि हौद कुणी कधी सोडायचा हे पंपाजवळ मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे. महिन्यातून एकदा पाण्याचा नमुना बाहेर तपासायला जातो. माणसं आता शेडच्या पुढे पत्र्याखाली जेवतात. तिथं उकडतं. मला कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मे महिन्यात एका सोमवारी मी मामांच्या गावी गेले. वारणानगरच्या अलीकडे एसटीतून उतरले आणि चालत गेले. मामा सोप्यात खाटेवर बसले होते, खूप वाळलेले, पण आवाज तोच. त्यांनी पंपाचं विचारलं, नव्या पट्ट्यांचं विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं होतं.

"मीच सोडत हुतो की पाणी," ते म्हणाले आणि हसायला गेले तर खोकला आला. "तुमी घालायचं आन मी सोडायचं. बरं वरीसभर कुणाला कळलं न्हाय." मग म्हणाले, "सोडा ते म्याडम. वाचलो न्हवं." डॉक्टरांनी वर चढायचं काम बंद सांगितलं होतं. पंधरा पावलं चालल्यावर थांबावं लागतं, म्हणाले. तेही त्यांनी दुसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं.

निघताना मामी मला स्टॉपपर्यंत पोचवायला आल्या. पिशवीत आंबे होते. वाटेत त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळं वाचलं बघा ते. डाक्टर म्हणत हुतं, कामावरच्या बाईनं सांगिटलं म्हणून औषध बदलता आलं."

हे मला ऐकवेना. मी गप्प राहिले असते तर काहीच झालं नसतं, एसटी आली असती आणि मी आंबे घेऊन गेले असते. पण चार आठवडे मी गप्प राहूनच वैतागले होते.

"मामी, मला आधीच कळलं होतं," मी म्हणाले. "शुक्रवारी सकाळी. मी रविवारी सांगितलं."

त्या चालायच्या थांबल्या. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग बघितलं तर त्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होत्या, पुटपुटत.

"शुक्रवारी दुपारी तुमी आलासा," त्या म्हणाल्या. "आपण च्या घेटला. तवा ते बोलत हुतं. मला म्हणालं, रस आण उसाचा." त्या पुन्हा मोजायला लागल्या. "शनवारी मशीन लावलं."

मोजायचं थांबवून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे च्या पिताना तुमास्नी ठावं हुतं."

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. कळलं म्हणजे नुसता संशय आला होता, डॉक्टरही अजून खात्री देत नाहीत, तपासणीत काही निघालं नाही, त्या लग्नातही फवाऱ्याचे पंखे होते, आणि शुक्रवारी सांगितलं असतं तरी शनिवारी मशीन लागलं नसतं असं कुणी सांगावं. यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. मला ठाऊक होतं की नव्हतं हे माझं मला अजूनही कळलेलं नाही.

"व्हय," मी म्हणाले.

मामींनी पिशवी माझ्या हातात दिली. एसटीला अजून वेळ होता. त्या परत फिरल्या नाहीत, गाडी येईपर्यंत रस्त्याकडे बघत माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.